हार कुणाच्या हातून

सत्यशीला एसटीने आली, हेच आधी कुणाला पटेना. पाथर्डीच्या स्टँडवर तिला घ्यायला धाकटा भाऊ वैजनाथ गाडी घेऊन उभा होता आणि नगरकडून येणाऱ्या मोटारींकडेच डोळे लावून बसला होता. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेली आपली अक्का लाल गाडीतून, पिशवी सावरत, दोन बायकांशी बोलत बोलत खाली उतरेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मला सांगायचं ना, नगरला तुझ्या घरी, सावेडीला, गाडी धाडली असती, असं तो दोनदा म्हणाला. ती नुसती हसली. नोकरी लागल्यापासून ती एसटीत बसली नव्हती. न्यायाधीशाने बसू नये असा काही कायदा नाही, पण शेजारी कोण येऊन बसेल आणि उद्या तोच आपल्यासमोर आरोपी म्हणून उभा राहील की साक्षीला, याचा भरवसा नसायचा. आज तिने नगरपासून शेजारणीच्या सुनेची, जावयाची आणि आटलेल्या म्हशीची हकीकत ऐकली होती, मधेमधे विचारून विचारून ऐकली होती, आणि त्याचं समाधान अजून तिच्या चेहऱ्यावर होतं.

गावी यायला कारणही तसंच होतं. बजरंगची, म्हणजे तिच्या मधल्या भावाची, मुलगी धनश्री न्यायाधीशाच्या परीक्षेत निवडली गेली होती. नेमणुकीचा आदेश अजून यायचा होता, पण गावाला दम कुठला? दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर सत्कार ठेवला होता आणि त्यापाठोपाठ गावजेवण.

गावाच्या वेशीशी गाडी आली आणि वैजनाथने मुद्दाम वेग कमी केला. रस्त्याच्या कडेला भला मोठा फ्लेक्स लागला होता. मधे धनश्री, कोपऱ्यात काळ्या कोटातली खुद्द सत्यशीला, खाली हात जोडलेला वैजनाथ. आणि सगळ्यांच्या वर, धनश्रीच्या दुप्पट आकाराचा, साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचा चेहरा. सत्कार त्यांच्या शुभहस्ते व्हायचा होता.

"कसा झालाय?" वैजनाथने विचारलं.

"रंग छान आलेत," सत्यशीला एवढंच म्हणाली. दोन्ही बाजूंचं ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सवय तीस वर्षांत तिच्या हाडात मुरली होती. पण तिच्या मनात लगेच हिशेब सुरू झाला होता. चेअरमन माणूस वाईट नव्हता. मात्र जमिनीचे, निवडणुकांचे, कामगारांचे असे कारखान्याचे आणि त्यांच्या स्वतःच्या नावाचे दावे जिल्ह्यातल्या आणि जिल्ह्याबाहेरच्याही कितीतरी कोर्टांतून चालू होते. आणि वैजनाथला पंचायत समितीला उभं राहायचं होतं, ते याच माणसाच्या भरवशावर.

घरी बजरंग आणि त्याची बायको सविता दारातच उभे होते. सविताने भाकरतुकडा ओवाळून टाकला, वन्सं म्हणून वाकून नमस्कार केला. बजरंगने पिशवी घेतली, बस बरी मिळाली का एवढंच विचारलं आणि मांडववाल्याकडे बघायला निघून गेला. सत्यशीलाला त्याचं वावगं वाटलं नाही. कित्येक वर्षं त्यांचं बोलणं एवढंच होतं.

आधी ते तसं नव्हतं. त्यांचे आईवडील, सूर्यभान आणि केशरबाई, दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जात. दोन्ही पोरं बरोबर जात. सत्यशीला तेवढी रंगुचुलतीकडे राही, कारण तिला शाळेची गोडी होती. पुढे ती नगरला कायदा शिकायला गेली त्या वर्षी बजरंगने शाळा सोडून आईच्या जागी कोयता धरला. अक्का वकील झाली पाहिजे, असं तो फडावर सगळ्यांना सांगायचा. ती वकील झाली, मग परीक्षा देऊन न्यायाधीश झाली, आणि तिथून ती या घराला हळूहळू परकी होत गेली.

बदल्या तरी किती. स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक नाही, म्हणून विदर्भ, कोकण, खानदेश. लग्नाचं वय त्यातच निघून गेलं आणि त्याची खंत तिला फारशी वाटली नाही, कारण काम तिला मनापासून आवडत होतं. सकाळी अकराला आसनावर बसलं की समोर माणसांची रीघ लागे. खोटं बोलणारी, घाबरून खरं विसरणारी, वकिलाने पढवलेलं एका दमात म्हणून टाकणारी. त्यातून एकेक धागा सोडवत संध्याकाळी लघुलेखकाला निकाल सांगायचा, यात तिचा जीव रमे. पण आसनावरून उतरल्यावर बंगल्याचं दार बंद. लग्नाला जायचं तर वऱ्हाडात कोण आहे ते आधी बघायचं. गावच्या जत्रेला येणं तिने पाचव्या-सहाव्या वर्षीच सोडलं, कारण आली की ओट्यावर माणसं बसून राहत, बाई, तेवढं आमच्या केसचं बघा.

आणि मग बजरंगचं ते प्रकरण झालं. टेम्पो स्टँडवर मारामारी होऊन एक जण कायमचा अधू झाला. बजरंग तिथे नव्हताच, पण बांधाचं जुनं वैर असलेल्या कुणीतरी त्याचं नाव घातलं. त्याला अटक झाली आणि जामीन लवकर होईना. नगरला ज्या न्यायाधीशासमोर ते गेलं, तो सत्यशीलाच्याच तुकडीतला होता. चार वर्षांच्या धनश्रीला कडेवर घेऊन सविता विदर्भात तिच्या बंगल्यावर गेली आणि एक फोन करा म्हणून पाया पडली. सत्यशीलाने चांगल्या वकिलाचं नाव सांगितलं, पोरीला दूध दिलं आणि फोन करणार नाही म्हणाली. बजरंग पुढे जामिनावर आला, काही वर्षांनी निर्दोष सुटला. तिची राखी दर श्रावणात टपालाने येत राहिली. तो ती बांधत असे. सविता तसं कळवायची. पण त्याचा स्वतःचा फोन कधी आला नाही.

जेवणं झाल्यावर सविता भांडी आवरता आवरता हळूच म्हणाली, "वन्सं, पोरीकडं बघा जरा. तो फ्लेक्स लागल्यापासून धड जेवली न्हाई. इचारलं तर काय न्हाई म्हनती."

धनश्री गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या त्यांच्या शेजारी, टाकीच्या सावलीत बसली होती. आत्या आल्यावर तिने सरकून जागा दिली. मग एकदम म्हणाली, "आत्या, मी काय करू ते तुम्हीच सांगा. चेअरमनसाहेबांच्या हातून हार घ्यायचा का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, घेऊ नये. उद्या नेमणूक झाली की हा फोटो जन्मभर माझ्यामागे येईल. पण काकांनी शब्द दिलाय. पुण्याला क्लास लावला तेव्हा दर रविवारी तेच डबा घेऊन यायचे. त्यांना तोंडघशी कसं पाडू? तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील."

सत्यशीलाला मोह झाला. दोन वाक्यांत काम झालं असतं. पण ती म्हणाली, "मी सांगितलं तर तो माझा निर्णय होईल, आणि तू त्याच्यामागे लपशील. कोर्टात बसल्यावर कुणाच्या मागे लपता येत नाही, धनू."

धनश्रीने हाताशी असलेली एक कुरडई उलटी करून ठेवली. मग तिने विचारलं, "तुम्हाला एकटं वाटायचं का?"

"वाटायचं की. सणासुदीला फार."

"मग?"

सत्यशीलाने तिला एका म्हातारीची गोष्ट सांगितली. खानदेशात असताना तिच्यापुढे एका तरुण पोराच्या खुनाचा खटला चालला होता. पोराची आई दर तारखेला येऊन शेवटच्या बाकावर बसायची. तिची साक्ष झाली तेव्हा समोरचा वकील तिला सारखा तोडत होता. सत्यशीलाने त्याला थांबवलं आणि म्हातारीला तिच्या चालीने, तिच्या शब्दांत बोलू दिलं. अख्खी दुपार गेली. पण शेवटी पुरावा पुरा पडला नाही आणि आरोपी सुटला. निकालाच्या संध्याकाळी सत्यशीला गाडीत बसायला निघाली तर म्हातारी फाटकापाशी उभी होती. शिव्याशाप देईल असं वाटलं. तिने हात जोडले आणि म्हणाली, बाई, माझं समदं कुनीतरी ऐकून तर घेतलं. आणि आपल्या वाटेने चालू लागली.

"ते आभार होते की दुसरं काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही," सत्यशीला म्हणाली. "पण तिला हे माहीत होतं की मला कुणी बांधलेलं नाही. म्हणून हरूनसुद्धा तिने हात जोडले. त्यासाठी मी सणाला एकटी बसले, असं समज. मला ते महाग पडलं नाही. तुझं तू बघ."

चहाच्या वेळी सगळे पुढच्या खोलीत जमले. वैजनाथ उद्याचा क्रम सांगत होता, आधी दीपप्रज्वलन, मग चेअरमनसाहेबांचं स्वागत. धनश्रीने कपबशी खाली ठेवली आणि काका, थोडं बोलायचंय, म्हणाली. गावाचा सत्कार ती आनंदाने घेईल. ज्याचा दावा उद्या तिच्यासमोर येऊ शकतो अशा कुणाच्या हातून मात्र हार घेणार नाही, मग ते चेअरमनसाहेब असोत की आणखी कुणी. साहेबांबद्दल तिच्या मनात काही वाईट नाही. फ्लेक्सवरून तिचं नाव किंवा त्यांचा फोटो, दोहोंतलं एक काढावं लागेल.

वैजनाथचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. पण तो धनश्रीकडे वळलाच नाही, सत्यशीलाकडे वळला. हे तिचं बोलणं नाही, तुझं आहे, म्हणाला. निवृत्त झाली, घरी आली, वाटलं आता तरी ही घरची होईल. तर आल्या आल्या पोरीला फितवलं. मी माणसांना काय तोंड दाखवू, तिकिटाचं काय करू, असं बरंच काही तो बोलला. सविताने त्याला पाणी दिलं, ते त्याने तसंच ठेवलं. आणि मग इतकी वर्षं घरात कुणी उच्चारलं नव्हतं तेही त्याच्या तोंडून निघून गेलं.

"सख्खा भाऊ जेलात हुता तवा हिनं एक फोन केला न्हाई. हिच्यासाठी त्यानं शाळा सोडली, कोयता धरला, आन् हिनं त्याला सडू दिलं. त्योच कित्ता आता पोरीला शिकिवतीया."

बोलण्यासारखं सत्यशीलाजवळ होतं. पण हा आरोप तिच्यावर होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर द्यायचा हक्क बजरंगचा होता, असं तिला वाटलं. ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सविताने पदर तोंडाला लावला.

बजरंग दाराशी पायरीवर बसला होता. तो सावकाश उठून आत आला.

"वैजू, त्या जेलात मी हुतो. तू न्हवतास," तो म्हणाला. "तवा मला लई राग आल्ता. रोज यायचा. सुटून आलो त्या दिवशी पारावर जाऊन बसलो. ज्यांनी नाव घातलं हुतं ते बी तिथंच हुते. मला वाटलं, आता कोनतरी म्हननार, बहीन जज हाय, सोडिवलं तिनं. एकानं बी म्हनलं न्हाई. समद्या गावाला ठावं हुतं, ही बाई फोन करनारी न्हाई. सविता रडत माघारी आल्याली समद्यांनी बघितली हुती. म्हनून माझं खरं माझंच राह्यलं. तिनं फोन केला असता, तर लवकर आलो असतो घरी. पन जलमभर खाली मान घालून फिरलो असतो."

तो थांबला. एवढं सलग बोललेलं त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"धनू म्हनती ते बरूबर हाय. हार त्यांच्या हातनं न्हाई."

सत्यशीलाने विचारलं, "मग हे मला कधी बोलला का नाहीस, बजरंग?"

"तू कवा आलीस गं ऐकाया?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता. म्हणूनच ते तिला जास्त लागलं, आणि त्याच वेळी आतून काहीतरी मोकळंही झालं.

वैजनाथ खाली बघत बसला होता. धनश्री उठून त्याच्याजवळ गेली, जमिनीवर बसली. म्हणाली, "काका, हार तुम्ही घाला. उमेदवार म्हणून नाही. रविवारी डबा आणणारे काका म्हणून घाला. दुसऱ्या कुणाच्या हातून मला नकोच आहे."

वैजनाथने मान हलवली नाही, पण ठेवलेलं पाणी उचलून प्यायला. थोड्या वेळाने म्हणाला, साहेबांना सांगायचं कुणी? बजरंग म्हणाला, मी येतो संगं, दोघं जाऊ. आणि दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवरून कारखान्यावर गेले. दिवेलागणीला परत आले तेव्हा वैजनाथच्या चेहऱ्यावरचा ताण बराच उतरला होता. चेअरमनसाहेबांनी ऐकून घेतलं होतं, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं होतं आणि पोरगी पुढं जाणार म्हणाले होते. तिकिटाचं काही बोलले नाहीत. ते मनापासून बोलले की कसे, यावर भावाभावांचं एकमत झालं नाही, पण जेवताना दोघे त्यावरच वाद घालत होते, आणि घरात बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्सचा वरचा भाग कापलेला होता. नवा छापून आणायला वेळ नव्हता. त्या चौकोनातून पलीकडची बोरीची झाडं आणि आभाळ दिसत होतं, वारा आला की फ्लेक्स फडफडत होता, आणि येणारा जाणारा प्रत्येक माणूस थांबून इथे काय झालं ते विचारत होता. दहा वाजायच्या आत सगळ्या गावाला सगळं कळलं. काहींनी नावं ठेवली, आत्यावर गेली म्हणाले. पण मैदानावर गर्दी ठरली होती त्याहून जास्त झाली. वैजनाथने भाषण लिहून आणलं होतं. ते त्याने खिशातच ठेवलं. पुतणीच्या गळ्यात हार घालताना तो इतका गडबडला की हार तिच्या कानातल्यात अडकला, आणि मैदानभर हसू पसरलं. धनश्रीही हसली. सविता पहिल्या रांगेत बसून एकसारखी डोळे पुसत होती.

सत्यशीलाला व्यासपीठावर खुर्ची ठेवली होती. ती खाली बायकांत जाऊन बसली.

मग पंगती बसल्या. पाहुण्यांसाठी वेगळं टेबल मांडलं होतं, तिकडे तिला दोघातिघांनी बोलावलं, पण ती मांडवात लांबलचक अंथरलेल्या पट्टीवर, जिथे जागा मिळाली तिथे मांडी घालून बसली. डाव्या हाताला पटका बांधलेला एक म्हातारा होता, उजवीकडे अजून कुणी यायचं होतं. म्हाताऱ्याने तिच्याकडे वळून विचारलं, "वळाकलं का बाई?"

तिने ओळखलं नव्हतं. इतकी वर्षं अशा प्रश्नावर तिच्या मनात दुसरा प्रश्न आपोआप उभा राहायचा, याचं कोर्टात काय आहे? आज तो आला आणि तसाच निघून गेला.

"नाही ओळखलं, बाबा. सांगा ना," ती म्हणाली.

म्हातारा सांगू लागला. सूर्यभानच्या फडावर तो होता, केशरबाईच्या हातच्या भाकरी त्याने खाल्ल्या होत्या, आणि बजरंग लहानपणी मोळी उचलताना कसा पडला तेही त्याने पाहिलं होतं. सत्यशीला ऐकत राहिली. पत्रावळीवर आमटी आली, भात आला, बुंदी आली. वाढणाऱ्यांत बजरंगही होता. बुंदीची बादली घेऊन तो तिच्यापुढे आला, तिने नको म्हणण्याआधी दोन मुठी वाढल्या आणि पुढे न जाता तिथेच थांबला.

"कवा जानार?" त्याने विचारलं.

"दुपारची गाडी आहे."

बजरंगने पंगतीकडे नजर टाकली, मग तिच्याकडे. "ऱ्हा की चार दिस," तो म्हणाला. "आता कुठं तुझं कोर्ट हाय?"

"राहते," सत्यशीला म्हणाली.

त्याने बादली शेजारच्या पोरीच्या हाती दिली, हात धोतराला पुसले आणि तिच्या उजव्या हाताच्या रिकाम्या जागेवर बसकण मारली. कुणीतरी त्याच्यापुढे पत्रावळ टाकली. सत्यशीलाने आपल्या पानातली एक मूठ बुंदी उचलून त्याच्या पानात वाढली, आणि दोघं जेवू लागली.